सत्तेचाळीस नंबरची चिंधी

“टीचर, पण करडाचं काय चुकलं होतं?”

सिलासनं हात वर न करताच विचारलं. मी फळ्यापाशी उभी, मोठ्या रंगात आलेली. योसेफाच्या भावांनी त्याला विहिरीत टाकलं, मग परक्या व्यापाऱ्यांना विकलं, एक करडू मारून त्याच्या रक्तात योसेफाचा रंगीबेरंगी झगा बुडवला आणि म्हाताऱ्या बापाला, याकोबाला नेऊन दाखवला, इथवर गोष्ट आली होती. चोवीस पोरं सतरंजीवर गप्प बसलेली. आणि हा आठ वर्षांचा दीडशहाणा विचारतो, करडाचं काय चुकलं?

“काही नाही चुकलं. भावांना रक्त पाहिजे होतं.”

“मग बापाला कळलं नाही? माणसाचं रक्त कुठलं न् करडाचं कुठलं?”

“नाही कळलं.”

“का?”

आता का ते मला काय ठाऊक! मी म्हणाले, “त्यानं नीट बघितलंच नाही. झगा बघून रडायला लागला. चला, कात्र्या काढा.”

ही पस्तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी डी.एड. होऊन नोकरीची वाट बघत घरी बसले होते, आणि आमच्या मिशन कंपाउंडात घरी बसलेली मुलगी कुणाला बघवत नसे. पाळकसाहेब म्हणाले, “मार्था, मे महिन्यातली मुलांची शास्त्रशाळा यंदा तू घे. नुसत्या गोष्टी सांगू नकोस, खेळातून शिकव.” शास्त्रातल्या, म्हणजे बायबलातल्या, मार्थेला स्वयंपाकघरातून उसंत नव्हती. तिचं नाव ठेवलेल्या मुलीला कोण बसू देणार?

तर मी खेळातून शिकवत होते. काडेपेट्यांचं नोहाचं तारू झालं. चादरीचा मासा केला, त्याच्या पोटातून पोरं योना होऊन रांगत बाहेर आली. यरीहोच्या भिंती पाडायच्या म्हणून सगळ्यांनी डबे बडवत देवळाला सात फेऱ्या घातल्या. आमच्याकडं चर्चला देऊळच म्हणतात. भिंती जागच्या जागी राहिल्या, समोरच्या घरात आढाव गुरुजींची दुपारची झोप मात्र मोडली.

गुरुजी दारात आले. पांढरी दाढी, पांढरा सदरा, उन्हात डोळे बारीक केलेले.

“मार्था, यरीहोला सहा दिवस लोक तोंड मिटून फिरले होते. ओरडले ते सातव्या दिवशी. आज तुझा कितवा दिवस?”

“दुसरा, गुरुजी.”

“मग शास्त्रात आहे तसं कर. पदरचं घालू नको.”

असे गुरुजी. मिशन शाळेचे हेडमास्तर होते, मुलांचं बोर्डिंग चालवत, हस्तकलेच्या तासाला शिवण शिकवत. शिवलेलं कापड हातात आलं की आधी उलटं करून बघायचे. “वरून सगळंच बरं दिसतं. काम उलट बाजूनं कळतं.” रिटायर झाले तरी संडे स्कूलची न् शास्त्रशाळेची हजेरीवही तेच तपासत. लहानपणी एकदा मैत्रीण येणारच आहे म्हणून मी तिची हजेरी आधीच लावून टाकली होती. त्यांनी तळहातावर पट्टी मारली आणि म्हणाले, “माणूस डोळ्यांनी दिसल्याशिवाय हजर लिहायचं नाही.” मी सात वर्षांची असेन. तळहात अजून चुरचुरतो.

त्यांना एक मुलगा होता, शांतवन. नऊ वर्षांपूर्वी त्यानं रोमनांची मुलगी केली. रोमन म्हणजे कॅथलिक, आम्ही प्रॉटेस्टंट. लग्नही त्यांच्याच चर्चमध्ये लावलं. बाहेरच्याला वाटेल, दोघंही ख्रिस्ती, मग बिघडलं कुठं? पण घरातल्या भांडणाला धार जास्त असते. पुढच्या रविवारी उपासना संपल्यावर गुरुजी सगळ्यांदेखत उभे राहिले. “शांतवन आम्हाला मेला,” एवढंच म्हणाले न् खाली बसले. नंतर त्याची पत्रं यायची, ती न फोडता परत जायची. त्याचं नाव कंपाउंडात कुणी घेत नसे. गुरुजींची बायको, आमच्या सगळ्यांच्या काकू, त्यासुद्धा चारचौघांत नाही.

योसेफाच्या गोष्टीच्या संध्याकाळी काकू पोरांसाठी सरबताची कळशी घेऊन आल्या.

“नाटकातल्या झग्याला कापड कुठलं घेणार गं?”

“बघते बाजारात. रंगीत काहीतरी.”

“बाजारात कशाला जातेस? पोरांना सांग, घरून एकेक चिंधी आणा. आईबापाच्या जुन्या कपड्याची. वाकळ शिवतो तसा झगा शिवू. मशीन माझी.”

मला ही कल्पना एवढी आवडली, एवढी आवडली, की दुसऱ्या दिवशी पाळकसाहेबांना मी ती माझी म्हणूनच सांगितली.

चिंध्या आल्या. कुणाच्या आजीच्या लुगड्याचा काठ, कुणाच्या वडिलांची ड्रायव्हरची खाकी. सिलासनं आईच्या चांगल्या साडीचाच पदर कापून आणला, त्याची आई शिव्या देत देवळापर्यंत आली. आणि गुड्डीनं आणला पोपटी पॉपलीनचा एक तुकडा, धुऊन धुऊन विटलेला. त्यावर लाल दोऱ्यानं घातलेला नंबर होता, ४७.

ही गुड्डी साळवे नर्सबाईंकडं सुट्टीला आलेली पाहुणी. सात वर्षांची, दोन घट्ट वेण्या. “माझ्या बहिणीची नात,” असं नर्सबाई म्हणाल्या होत्या. पहिल्या दिवशी मी नाव विचारलं.

“गुड्डी.”

“पूर्ण नाव सांग. हजेरीत लिहायचंय.”

“सांगायचं नाही म्हणून सांगितलंय.”

“कुणी?”

“तेपण सांगायचं नाही.”

आता या उत्तराचं काय करायचं? मी वहीत लिहिलं, ‘गुड्डी, पाहुणी’. संध्याकाळी गुरुजींनी वही बघितली आणि त्या ओळीवर बोट ठेवलं.

“हे काय? बापाचं नाव कुठंय?”

“सांगत नाही ती.”

“बापाशिवाय पोर असतं का? विचारून पुरं कर. अर्धं नाव माझ्या वहीत चालणार नाही.”

मी हो म्हटलं आणि विसरून गेले.

नंबराचं मला नवल वाटलं नाही. बोर्डिंगात धुणं एकत्र व्हायचं, म्हणून प्रत्येकाच्या कपड्यावर लाल दोऱ्यानं नंबर घालायची पद्धत होती. मुलींच्या बोर्डिंगात माझाही होता, बारा. असे नंबर घातलेली जुनी फडकी कंपाउंडात घरोघरी सापडली असती. तुकडा विटका होता म्हणून मी तो पाठीमागं, खालच्या अंगाला टाचला. काकूंनी मशीनवर बसता बसता तो उसवला आणि पुढं, बरोबर छातीवर ठेवला.

“काकू, छातीवर तो खाकी छान दिसेल. हा किती जुनाट आहे.”

“छातीवर हाच. मधोमध.”

“अहो, पण...”

“मशीन कुणाची?”

मग मी कशाला बोलतेय! झग्याचं माप त्यांनी गुड्डीच्या अंगावर घेतलं. तिच्या खांद्यावर टेप धरून बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या. मला वाटलं, आकडा दिसत नसेल, चष्मा घरी राहिला असेल.

“योसेफ हिलाच कर,” त्या म्हणाल्या.

“काकू, योसेफ मुलगा होता.”

“मग? सात वर्षांच्या पोराला मिशा असतात? कर हिलाच. आणि तालमीला हा झगा काढू नको, मळेल. चादर घे.”

“गुरुजींना तरी दाखवते. याकोब तेच होणारेत.”

दरवर्षी म्हातारा असेल तिथं गुरुजीच असायचे. अब्राहाम तेच, मोशे तेच, कारण कंपाउंडात खरी दाढी त्यांनाच.

“त्यांना तर मुळीच नको,” काकू म्हणाल्या. “त्या दिवशीच बघू दे. आणि रविवारीच कर कार्यक्रम, पुढं ढकलू नको. सोमवारी दहाच्या गाडीनं पोर परत जातीय.”

“कोण, गुड्डी?”

“हां. नर्सबाई म्हणत होत्या.”

मी बावळट नव्हते. कामात होते. चोवीस पोरांना दाढ्यामिशा चिकटवायच्या म्हणजे काय असतं ते केलंय त्यालाच ठाऊक.

रविवारी देऊळ भरलं. पुढचे दोन बाक हलवून जागा केली, एक टेबल आडवं पाडून त्याची विहीर झाली. साळवे नर्सबाईंनी करडाच्या रक्तासाठी लाल औषधाची बाटली दिली. मी खिडकीच्या पडद्यामागं वही घेऊन उभी. गुरुजी घोंगडी पांघरून, काठी घेऊन खुर्चीत बसले. त्यांना दोनच वाक्यं होती. पहिलं, “हा माझ्या मुलाचा झगा आहे.” दुसरं, “त्याला हिंस्र पशूनं खाल्लं.” मग कपडे फाडून रडायचं. फाडायला मी त्यांना एक जुना सदरा वरून घातला होता.

सगळं छान चाललं होतं. गुड्डी झगा घालून मिरवली, पण गुरुजींकडं पाठ करून, कारण काकूंनी तिला तसंच शिकवलं होतं. भावांनी झगा ओढून काढला न् तिला टेबलामागं ढकललं. सिलासनं झग्याच्या खालच्या काठावर अर्धी बाटली ओतली, थोडं औषध स्वतःच्या पायावर ओतलं. मग तो झगा घेऊन गुरुजींपुढं गेला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, “बाबा, आम्हाला हा सापडला. तुमच्या मुलाचा आहे का बघा.”

गुरुजींनी झगा घेतला. मांडीवर पसरला. आणि थांबले.

मला वाटलं, वाक्य विसरले. मी पडद्यामागून कुजबुजले, “हा माझ्या मुलाचा...” त्यांचं लक्ष नव्हतं. छातीवरच्या त्या तुकड्यावरून त्यांचा अंगठा फिरत होता, चारवरून सातावर, सातावरून चारवर. मग त्यांनी झगा उलटा केला. भर कार्यक्रमात, याकोबानं योसेफाचा झगा उलटा करून डोळ्यांजवळ नेला आणि आतले टाके बघायला लागला! मागच्या बाकावर कुणीतरी खुदकन हसलं.

“हा माझ्या मुलाचा आहे,” गुरुजी म्हणाले.

बरोबर. मी श्वास सोडला. पण पुढचं वाक्य येईना. सिलासनं वाट बघितली, माझ्याकडं बघितलं.

“हिंस्र पशूनं!” मी कुजबुजले. “गुरुजी, हिंस्र पशूनं खाल्लं!”

“कुठंय तो?” गुरुजींनी सिलासला विचारलं.

हे वहीत नव्हतं. बिचारा सिलास. तो मनानंच म्हणाला, “मेला, बाबा.”

“नाही मेला.”

“मेला ना! हे बघा रक्त.”

“हे रक्त नाही,” गुरुजी म्हणाले, “नर्सबाईंचं औषध आहे. तो मेला नाही. कुठंय तो?”

सिलास रडकुंडीला आला. सगळ्या देवळाला ऐकू जाईल असं माझ्याकडं बघून ओरडला, “टीचर, गुरुजी चुकले!”

आणि आडव्या टेबलामागून, विहिरीतून, गुड्डीची वेणी वर आली, मग डोकं वर आलं. मोठ्या माणसानं विचारलं की उत्तर द्यायचं, एवढं त्या पोरीला कळत होतं.

“वापीला,” ती म्हणाली. “माझे पप्पा वापीला आहेत.”

देऊळ हसलं. अहो, हसणारच! योसेफ विहिरीतून सांगतोय, माझे पप्पा वापीला. पाळकसाहेबसुद्धा रुमाल तोंडावर धरून हसले. मीही हसले, खोटं कशाला बोलू. फक्त बायकांच्या बाजूला पहिल्या बाकावर काकू हसत नव्हत्या. त्या पोरांकडं बघतच नव्हत्या, त्या गुरुजींकडं बघत होत्या.

गुरुजी उठले. घोंगडी खांद्यावरून पडली ती उचलली नाही. झगा हातात धरून बाजूच्या दारानं बाहेर गेले, कंपाउंड ओलांडलं, घरात शिरले आणि कडी लावली. कडीचा आवाज आम्हाला देवळात ऐकू आला.

मग कुणी हसेना. पाळकसाहेबांनी घाईघाईनं प्रार्थना केली. सिलास माझी ओढणी ओढत होता. “टीचर, मी बरोबर म्हटलं होतं ना?”

“हो रे.”

“मग गुरुजी का चुकले?”

“मला नाही माहीत,” मी म्हणाले, आणि खरंच माहीत नव्हतं. माझ्या डोक्याचा नुसता भुगा झाला होता. मी काय केलं? गुरुजींना माझं काय लागलं? चिंधी कुणाची, पोर कुणाचं, वापी कुठली? दुपारभर मी ताटातला भात चिवडत होते. आई म्हणाली, “म्हाताऱ्याला ऊन लागलं असेल.” मलाही तेच खरं वाटावं असं फार वाटत होतं.

चार वाजता न राहवून गेले. काकू स्वतःच्याच घराच्या पायरीवर बसल्या होत्या, पदर डोक्यावर घेऊन. दार अजून आतून बंद.

“काकू, गुरुजींना काय झालं? माझं काय चुकलं?”

“तुझं काही नाही. बस.”

मी बसले. काकू हळू आवाजात बोलायला लागल्या, दाराकडं कान ठेवून.

“सत्तेचाळीस शांतवनचा नंबर. घर हे, बोर्डिंग ते समोर. तरी ह्यांनी पोर बोर्डिंगात ठेवलं. हेडमास्तरच्या पोराला वेगळा न्याय नको म्हणून. मी रडत होते, माझ्यानं सुईत दोरा ओवेना. तेव्हा ह्यांनीच बसून एकेका सदऱ्यावर नंबर घातला. मागं गाठ मारून वर दोन टाके. तसे दुसरं कुणी घालत नाही.”

“म्हणजे गुड्डी...”

“नात माझी. दोन वर्षांची असल्यापासून नर्सबाईंच्या पत्त्यावर तिचे फोटो येतात मला. यंदा म्हटलं, फोटो पुरे. पोरच पाठव, आणि तो सदराही.”

माझ्या डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसायला लागली. सरबत. वाकळ. मधोमध. चादर घे. आणि मला संतापच आला.

“म्हणजे ती कल्पना... काकू, तुम्ही मला वापरलंत!”

“हो.”

“मला सांगायचं तरी!”

“तुला सांगितलं असतं तर तुझ्या तोंडावर दिसलं असतं. तुझ्या पोटात काही राहतं का गं? कल्पना माझी होती, ती पाळकसाहेबांना तुझी म्हणून सांगून आलीस.”

माझे कान लाल झाले.

“पण ही फसवणूक झाली, काकू. देवळात, सगळ्यांसमोर. योसेफाच्या भावांनी केलं तेच.”

“तेच,” काकू म्हणाल्या. “त्यांनी झगा दाखवून जिता पोरगा मेला म्हणून सांगितलं. मी मेलेला जिता आहे म्हणून सांगितलं. देव काय म्हणेल ते मला माहीत नाही. घरात नऊ वर्षं सरळ सांगून बघितलं, ह्यांनी ऐकलं नाही.” मग त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. “सगळ्यांदेखत मेला म्हटलंय ना, तर सगळ्यांदेखतच फिरवता येतं. घरात सांगून भागत नाही. पण आता भीती वाटतीय गं. दार उघडत नाहीत. उद्या दहाची गाडी. तोवर उघडलं तर उघडलं, नाहीतर पोर गेली, आणि मग मी काही बघत नाही तिला.”

मी त्यांचा हात धरला. आत गुरुजी चालत होते, ते ऐकू येत होतं. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत आणि परत.

सोमवारी सकाळी मी देवळात चिकटपट्ट्या खरवडत होते. नऊ वाजून गेले होते. दारात सावली पडली, बघते तर गुरुजी. दाढी विंचरलेली, डोळे मात्र सुजलेले. हातात घडी घातलेला झगा. मी उभी राहिले. मला सात वर्षांची असल्यासारखं वाटलं, तळहात आपोआप मिटला.

त्यांनी झगा टेबलावर ठेवला. छातीवरचा तुकडा नव्हता. त्या जागी पांढरं कापड बसवलं होतं, त्यांच्याच सदऱ्याचं, बारीक हातशिलाईनं.

“तुमच्या मशीनची उलट बाजू कच्ची आहे,” ते म्हणाले. “धागे लोंबतात.”

“हो, गुरुजी.”

“हजेरी आण.”

मी वही आणली. ते बसले, पान काढलं, ‘गुड्डी, पाहुणी’ या ओळीवर पट्टी ठेवली आणि एका सरळ रेघेनं नाव खोडलं. पेन माझ्या हातात दिलं.

“लिही. नाव काय पोरीचं? खरं नाव.”

ते मला आदल्या दिवशी पायरीवर काकूंनी सांगितलं होतं. पण ते या माणसापुढं कसं उच्चारायचं! जितकं रोमन असावं तितकं रोमन नाव.

“रोझमेरी,” मी म्हणाले.

गुरुजींनी डोळे मिटले. कडू औषध घेताना करतो तसं तोंड केलं. ते आत गेलं बहुतेक.

“लिही. रोझमेरी.”

मी लिहिलं.

“शांतवन.”

नऊ वर्षांत ते नाव मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. पेन उमटेना. मी झटकलं, पुन्हा टेकवलं.

“शांतवन,” ते परत म्हणाले, वर्गात शुद्धलेखन घालताना सांगायचे तसं. “पुढं आढाव. नीट लिही, ‘ढा’चा काना दिसू दे.”

लिहून झालं. त्यांनी वही फिरवून वाचलं, बराच वेळ वाचलं.

“पुढच्या रविवारची हजेरी लाव.”

“कुणाची?”

“हिची.”

“गुरुजी, पण रविवार अजून आलाच नाही. माणूस दिसल्याशिवाय...”

“लाव म्हणतो ना, मार्था.”

मी लावली. बाहेर एसटीचा हॉर्न वाजला, दहाची गाडी त्या दिवशी कधी नव्हे ती वेळेवर आली होती. गुरुजींनी काठी उचलली आणि त्या वयात, त्या उन्हात, स्टँडच्या रस्त्यानं अक्षरशः पळत सुटले. मी दारात जाऊन बघितलं. पार टोकाला काकू, नर्सबाई आणि दोन वेण्या उभ्या होत्या, आणि गुरुजी कंडक्टरला काठी दाखवत ओरडत होते, ही पोर कुठंही जात नाही म्हणून.